तीन देशांचा चोथा

“मला एवढंच सांगा,” मायदानं पेन टेबलावर आपटलं, “द्राक्षाचा चोथा कचरा आहे की नाही?”

“आहे,” विंडिश म्हणाले.

“नाही,” बोडो म्हणाले.

“आणि माझ्या गावात ते खत आहे. म्हणजे सात महिन्यांपूर्वी होतो तिथेच आहोत. लिही गं सुमेधा. इतिवृत्तात लिही, दहा वाजून वीस मिनिटं, ये रे माझ्या मागल्या.”

अर्थात ती तिच्या भाषेतलं काहीतरी म्हणाली होती, पण अर्थ हाच होता. मी लिहिलं, ‘दहा वाजून वीस मिनिटं : चर्चा सुरू.’

ऑक्टोबरातला शुक्रवार होता. ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया आणि हंगेरी हे तीन देश जिथे एकमेकांना टेकतात, तिथल्या तीन छोट्या गावांनी मिळून कचऱ्याचं एकच धोरण करायचं घाटत होतं. ऑस्ट्रियातलं लिंडाख, स्लोव्हेनियातलं ब्रेझ्नो, हंगेरीतलं केर्तेश. एका गावात उभं राहून हाक मारली तर बाकीच्या दोन गावांतली कुत्री भुंकतील एवढंच अंतर. पण एका गावात काच हिरव्या पेटीत, तर दुसऱ्यात पिवळ्या. एकाचा कचरा दुसऱ्याच्या हद्दीत गेला की गुन्हा. ब्रेझ्नोच्या टेकडीवरची कचराकुंडी तर इतकी भरली होती, की वारा सुटला की प्लॅस्टिकच्या पिशव्या तिन्ही देशांत विनापरवाना जात. धोरण मंजूर झालं तर तिघांना मिळून खताचा एक मोठा प्रकल्प मिळणार होता, आणि वर ब्रसेल्सला युरोपीय संघाकडे हेच धोरण सीमेवरच्या इतर गावांसाठी नमुना म्हणून ठेवलं जाणार होतं. अंतिम मसुदा त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत पोचायला हवा होता. नाही पोचला तर प्रकल्प दुसऱ्या खोऱ्यात जाणार, आणि आमची समिती बरखास्त.

समितीत माणसं तीन. लिंडाख नगरपालिकेचे कचरा विभागप्रमुख लेओपोल्ड विंडिश. अठ्ठावन्न वर्षांचे, बूट आरशासारखे, आणि कोणतंही वाक्य स्वल्पविरामासकट बोलणारे. ब्रेझ्नोची मायदा, आधी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची, त्यामुळे मोठी माणसंही तिला नापास होणाऱ्या मुलांसारखी दिसायची. आणि केर्तेशचे बोडो, सहा फूट उंच, तितकेच रुंद, खिशात कायम सूर्यफुलाच्या बिया.

चौथी मी. सुमेधा झांबरे, मुक्काम पोस्ट सावळज, तालुका तासगाव. सांगलीला इंजिनियरिंग, मग ग्राझला पुढचं शिक्षण, आणि शिक्षण संपल्यावर मिळालेली ही पहिली नोकरी : समितीची लेखनिक. जर्मन येतं आणि तिघांपैकी कुणाची नातलग नाही, एवढ्यावर माझी निवड झाली. विंडिश मला फ्राऊ झांबरे म्हणत, बोडो शुमेदा म्हणत. पहिल्याच दिवशी विंडिशनी मला काम समजावलं होतं. जे ठरेल ते लिहायचं, जे ठरणार नाही तेही लिहायचं. मधे बोलायचं नाही. मी सात महिने बोलले नव्हते. घरी आईला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “तू? गप्प? सात महिने?” आणि वडिलांना फोन दिला.

मसुद्याची बारा पानं तयार होती. पेट्यांचे रंग ठरले होते, गाड्यांच्या वेळा ठरल्या होत्या, बॅटऱ्या, जुने फ्रिज, औषधं, सगळं. कोरं होतं फक्त पहिलं पान. तिथे व्याख्या हवी होती : कचरा म्हणजे काय? आणि घोडं पेंड खात होतं ते चोथ्यापाशी. तिन्ही गावं द्राक्षाची. वाइनसाठी द्राक्षं पिळली की साली, बिया, देठांचा डोंगर उरतो. लिंडाखच्या नियमात तो कचरा, नोंदणी झालेल्या गाडीनंच उचलायचा. ब्रेझ्नोत तो खत, मळ्यात परत टाकायचा. केर्तेशला त्यापासून ब्रँडी गाळतात, म्हणून तिथे तो कच्चा माल.

“ज्यापासून इतकी चांगली वस्तू होते, तिला कचरा म्हणायला माझी जीभ रेटत नाही,” बोडो म्हणाले.

“तुमची जीभ हा कायद्याचा आधार नव्हे,” विंडिश म्हणाले.

तेवढ्यात मायदाचा फोन वाजला. ती ऐकत गेली आणि तिचा चेहरा बदलत गेला. आधी वैताग, मग धक्का, आणि शेवटी मला वाटलं हसू, पण तिनं ते गिळलं.

“तिठ्याच्या दगडापाशी रोझिका मावशीची ट्रॉली उघडली,” ती फोन ठेवून म्हणाली. “सगळा चोथा रस्त्यावर. नेमका दगडाच्या भोवती.”

“कुठल्या बाजूला?” विंडिशनी विचारलं.

“तिन्ही.”

आम्ही विंडिशच्या गाडीतून निघालो.

तिठ्याचा दगड म्हणजे जिथे तिन्ही सीमा मिळतात तिथला तिकोनी खांब. जवळून शेतातला कच्चा रस्ता जातो. तिथे पोचलो तर आधी वास आला, गोड, आंबूस, डोक्यात जाणारा. मी गाडीतून उतरले आणि क्षणभर सावळजलाच उतरल्यासारखं वाटलं. ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याची कडी तुटली होती आणि जांभळा-काळा ढीग दगडाला वेढून पसरला होता. वर गांधीलमाश्या.

ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून रोझिका मावशी पाव खात उभी होती. बासष्ट वर्षांची बाई, डोक्याला रुमाल, पायात गमबूट, अंगावर मात्र स्वच्छ निळा फ्रॉक. मला तो जरा विचित्र वाटला, चोथा वाहायला कोण असे कपडे घालतं! पण मी गप्प राहायला शिकले होते. तिचा मळा सीमेच्या पलीकडे लिंडाखच्या हद्दीत, घर आणि द्राक्षं पिळायचा घाणा ब्रेझ्नोत, आणि चोथा चालला होता केर्तेशच्या सरकारमान्य भट्टीवर. दर वर्षी ती हा रस्ता धरायची. कुणी विचारत नसे, कारण आजवर फाळका तुटला नव्हता.

“बरं झालं तिघंही आलात,” ती म्हणाली. “आता सांगा, मी उचलू का?”

“नाही,” विंडिश म्हणाले. “लिंडाखच्या हद्दीत पडलेला भाग कचरा आहे. तो नोंदणीकृत गाडी उचलेल. सोमवारी.”

“आमच्या हद्दीतला कच्चा माल आहे, तो तुम्ही उचलू शकता,” बोडो म्हणाले. “पण कागदाशिवाय ट्रॉलीत टाकलात आणि ट्रॉलीचं मागचं चाक ऑस्ट्रियात आहे, म्हणजे...” ते चाकाकडे बघत थांबले.

“आणि माझ्या बाजूचा मळ्यात परत,” मायदा म्हणाली. “मळा लिंडाखला. म्हणजे तिथे जाताना तो कचरा होणार.”

रोझिका मावशीनं पावाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला. “सोमवारपर्यंत हे काय राहतंय? वारा लागलाय याला. संध्याकाळपर्यंत पिंपात दाबून बंद केलं तर ठीक, नाहीतर बुरशी. मग खुशाल तिघं वाटून घ्या.”

तिच्या खिशातला फोन वाजला. तिनं काढला, बघितला, बंद केला.

पुढचा तासभर तिघं भांडले. दगडाच्या तीन बाजूंना तिघं उभे, मधे ढीग. विंडिशनी गाडीतून मोजपट्टी आणली आणि कोणाच्या हद्दीत किती ते मोजायला गेले, पण ढिगाखाली सीमाच दिसेना. बोडो म्हणाले, वरचा थर आमचा. मायदा म्हणाली, थरांना देश नसतो. मला माझ्याच फोनवर सारखे संदेश येत होते : हंगेरीत आपलं स्वागत आहे, ऑस्ट्रियात आपलं स्वागत आहे. मी एका जागी उभी होते. आणि दर दहा मिनिटांनी मावशीच्या खिशातला फोन वाजत होता.

“कोण सारखं फोन करतंय?” विंडिश शेवटी ओरडले.

“लायोश. भट्टीवाला. वाट बघतोय,” मावशी म्हणाली आणि चाकाचा नट उगाच हातानं चाचपू लागली.

साडेबारा झाले होते. मी ढिगाकडे बघत होते. आमच्याकडे बेदाणा शेडवर उन्हाळ्याच्या सुट्टीत मी निवडणी करायचे. शेडच्या जाळीवरून माल खाली सांडला की आई ओरडायची, हात लावू नका, आधी बघा. वरचा वर उचलायचा, मधला वेगळा, खालचा मातीचा वेगळा. एकदा कालवलं की सगळंच वाया. इथे तीन शहाणी माणसं भांडता भांडता ढिगात पाय टाकत होती आणि खालची खडी वर येत होती.

ट्रॉलीला दोन खोरी अडकवलेली होती. मी एक काढलं आणि वरच्या थराखाली अलगद सरकवलं.

“फ्राऊ झांबरे! ते खाली ठेवा,” विंडिश म्हणाले. “तुम्ही या क्षणी विनापरवाना कचरा हलवत आहात.”

“हा कचरा नाहीये,” मी म्हणाले.

माझाच आवाज मला अनोळखी वाटला. तिघंही वळून बघायला लागले. मायदाच्या भुवया वर गेल्या.

“कशावरून?” विंडिशनी विचारलं. चिडून नाही, खरंच विचारलं.

मला कलम नंबर वगैरे काही सुचलं नाही. तेवढ्यात मावशीचा फोन पुन्हा वाजला. “यावरून,” मी म्हणाले. “याची कुणीतरी वाट बघतंय, सर. सकाळपासून बघतंय. कचऱ्याची कुणी वाट बघतं का?”

फोन वाजतच होता. विंडिशनी ढिगाकडे बघितलं. मग त्यांनी हात पुढे केला. “द्या तो फोन.”

मावशी चक्क घाबरली. “तुम्ही कशाला?”

“द्या.”

त्यांनी ताठ उभं राहून फोन कानाला लावला. “नमस्कार. मी लिंडाख नगरपालिकेचा कचरा विभागप्रमुख विंडिश. आपण?... पूर्ण नाव... पत्ता... फ्राऊ झांबरे, लिहा. तर, आपण रोझिका बाईंच्या चोथ्याची वाट पाहत आहात, हे खरं आहे का?”

पलीकडून एक ‘हो’ आला, इतका मोठा की आम्हाला सगळ्यांना ऐकू आला.

“किती वेळापासून?”

पलीकडून काहीतरी आलं आणि विंडिशच्या कपाळावर आठी पडली. “वीस वर्षं? मी आजच्या खेपेबद्दल विचारतोय.”

रोझिका मावशीनं आमच्याकडे पाठ केली.

विंडिश विचारत गेले. हा माल आहे तसाच वापरणार का? कशासाठी? किती दिवसांत? प्रत्येक उत्तराला ते मान हलवत आणि मी लिहीत गेले. फोन संपेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर एक वेगळंच तेज आलं होतं. बाकीच्यांना देऊळ बघून येतं तसं त्यांना नीट आखलेला तक्ता बघून यायचं.

“चार प्रश्न,” ते म्हणाले. “घेणारा आहे का, तो कोण, आहे तसं वापरणार का, कधीपर्यंत. चारही उत्तरं असतील तर कचरा नाही. एक जरी नसेल तर कचरा. वस्तू कुठल्या देशात पडली आहे, याचा संबंधच नाही.”

“म्हणजे चोथा हा कच्चा मालच! मी म्हणतच होतो,” बोडो खूश झाले.

“थांबा,” मी म्हणाले. एकदा तोंड उघडल्यावर आता काय. मी खोऱ्यानं खालचा थर उलटला. निम्मी खडी, निम्मी माती, वर आमच्या बुटांचे ठसे. “हे घेईल तो? विचारा ना.”

बोडोंनी स्वतःच्या फोनवरून लायोशला विचारलं. पलीकडून हंगेरियनमध्ये जे आलं त्याचं भाषांतर करायला त्यांनी नकार दिला. “नाही घेत,” एवढंच म्हणाले. आणि मोठा उसासा टाकून, “बरं बाबा. तो कचरा.”

“मधला थर मी घेते,” मायदा म्हणाली. “खतासाठी. आहे तसा. नाव मायदा केरेट्स, पत्ता तुम्हाला माहीत आहे, सोमवारी सकाळपर्यंत. मी वाट बघतेय, विंडिश. लिहून घ्या.” आणि ती खो खो हसत सुटली. आधी बोडो हसले, मग मावशी. विंडिशनी कोट काढला, घडी घालून गाडीच्या सीटवर ठेवला, बाह्या वर केल्या आणि दुसरं खोरं उचललं.

मी सांगत होते तसं सगळे करत होते. वरून हलकेच, दाबू नका, पाय बाहेर ठेवा. बोडोंना खोरं नव्हतं म्हणून त्यांनी मावशीची पावाची टोपली घेतली. कडी तारेनं बांधली. माझ्या आयुष्यात मी इतक्या मोठ्या माणसांना इतकी ओरडले नव्हते, आणि कुणाला राग आला नव्हता. विंडिशच्या बुटांचा रंग गेला. एक गांधीलमाशी त्यांच्या मानेला चावली, तर ते म्हणाले, “कुठल्या देशाची होती?” सात महिन्यांत त्यांनी केलेला हा पहिला विनोद. मायदाला हसू आवरेना, ती ढिगातच बसली.

ट्रॉली भरायला चार वाजले. पहिलं पान आम्ही ट्रॅक्टरच्या बॉनेटवर लिहिलं. विंडिश सांगत, बोडो अडवत, मायदा शब्द बदलत आणि मी लिहीत, पण आता माझेही शब्द त्यात पडत होते. ‘ज्या वस्तूची नाव-पत्ता असलेला कोणीतरी वाट पाहत आहे, जो ती आहे तशी वापरणार आहे आणि कधीपर्यंत ते सांगू शकतो, ती वस्तू कचरा नाही. बाकी सर्व कचरा.’ तिघांनी सह्या केल्या. विंडिशनी कागद माझ्यापुढे सरकवला.

“लेखनिक सही करत नाही,” मी म्हणाले.

“जागा आहे,” ते म्हणाले आणि पेन दिलं. कागदावर माझ्या अंगठ्याचा जांभळा डाग पडला. तो अजून आहे.

बाकीची पानं माझ्या पिशवीत होतीच. आता सहाच्या आत पाठवायचं कुठून? केर्तेशची भट्टी सगळ्यात जवळ. तिथे फॅक्स होता, कारण भट्टीवाल्याला किती गाळलं ते सरकारला कळवावं लागे. पुढे ट्रॅक्टर, मागे आमची गाडी, अशी वरात निघाली.

भट्टीच्या फाटकात लायोश उभा होता. सहासष्ट वर्षांचा बारीक अंगाचा माणूस, ताजी दाढी केलेली, पांढरा शर्ट, गळ्यात टाय. ट्रॅक्टर दिसल्यावर तो पळत पुढे आला. विंडिशनी आधी फॅक्स कुठे आहे ते विचारलं. पाच वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी शेवटचं पान गेलं. मशीननं पोचल्याची चिठ्ठी बाहेर टाकली आणि बोडोंनी मला चक्क उचलून गोल फिरवलं. मायदा रडत होती आणि मी रडत नाहीये असं सगळ्यांना सांगत होती.

या गडबडीत विंडिश मात्र शेडमध्ये गेले होते. माल कुठे ठेवणार ते प्रत्यक्ष बघायची त्यांची सवय. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी बघायला गेले.

ते मधोमध उभे होते. शेडभर पिंपं, भिंतीपासून भिंतीपर्यंत, एकावर एक, सगळी गच्च भरलेली, झाकणं मेणानं बंद केलेली. सगळा चोथा. फक्त दाराजवळ काही रिकामी पिंपं होती, धुऊन, पुसून, उपडी घातलेली.

“फ्राऊ झांबरे,” ते हळू म्हणाले, “या माणसाला चोथ्याची काडीचीही गरज नाही.”

आमची व्याख्या तर याच्याच वाट बघण्यावर उभी होती. बाहेर फॅक्स जाऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. शेडच्या छोट्या खिडकीतून समोरचं स्वयंपाकघर दिसत होतं. टेबलावर दोन ताटल्या मांडलेल्या होत्या, बाजूला रानफुलांचा पेला. रोझिका मावशी आत आली, रुमाल काढला, न बघता बरोबर तोच खण उघडून आणखी चार ताटल्यांसाठी काटे-चमचे काढले. लायोश तिच्या मागे उभा होता आणि काहीतरी सांगत होता. ती हसली. मग तिनं त्याचा वाकडा झालेला टाय सरळ केला आणि हात तिथेच राहू दिला.

विंडिशही बघत होते. त्यांनी खिशातून मूळ कागद काढला, चष्मा लावला आणि पहिली ओळ बोटानं वाचली.

“‘नाव-पत्ता असलेला कोणीतरी वाट पाहत आहे,’” ते म्हणाले. “पाहत होता?”

“हो, सर.”

“माल आहे तसाच वापरणार?”

“तसं म्हणाला तो. पिंपं धुऊन ठेवलीत.”

“मग बरोबर आहे.” त्यांनी कागदाची घडी घातली. “वाट का पाहत आहे, ते आपण विचारलेलं नाही. आणि विचारूही नये. ते कार्यकक्षेबाहेरचं आहे.”

त्या संध्याकाळी आम्ही सहा जण त्या छोट्या टेबलाभोवती कोपराला कोपर लावून जेवलो. लायोशनं गेल्या वर्षीची बाटली काढली. ती रोझिका मावशीच्याच चोथ्याची होती, कधीच विकायला न ठेवलेली. बोडोंनी एक गाणं म्हटलं, मायदानं त्यांना सूर चुकल्याबद्दल शिक्षकासारखं टोकलं, आणि मी सावळजला फोन लावून आईला तो सगळा गोंगाट ऐकवला. “कोण गं इतकं हसतंय?” तिनं विचारलं. सगळ्यात मोठ्यानं विंडिश हसत होते.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. प्रकल्प मिळाला, टेकडीवरच्या कुंडीवर आता गवत आहे, आणि ते चार प्रश्न आणखी काही सीमांवरच्या गावांनी उचलले. मी तिथेच राहिले, हल्ली मी मसुदे लिहीत नाही, लिहून घेते.

त्या ऑक्टोबरानंतरच्या एप्रिलमध्ये एका शनिवारी आम्ही चौघं पुन्हा विंडिशच्या गाडीतून केर्तेशला निघालो होतो. मायदाच्या मांडीवर केक होता, बोडोंच्या गळ्यात टाय मावत नव्हता. वाटेत विंडिशचा फोन वाजला. ब्रसेल्सहून कुणी तरुण अधिकारी होता. मसुदा फार आवडला म्हणाला, पण एक अडचण होती. ‘वाट पाहणे’ हा शब्द कचऱ्याच्या कुठल्याच कायद्यात सापडत नव्हता. हा आला कुठून, याचा आधार काय, त्याला टिपण हवं होतं.

विंडिशनी गाडी चर्चच्या भिंतीला लावली. समोर पायऱ्यांवर निळ्या फ्रॉकमध्ये रोझिका मावशी उभी होती आणि लायोश तिच्याकडे येताना घाईत दोनदा पायरी चुकला.

“प्रत्यक्ष पाहणीतून,” विंडिश फोनमध्ये म्हणाले, तो बंद करून खिशात टाकला आणि मायदाच्या हातातला केक धरायला पुढे झाले. आत वाजंत्री सुरू झाली होती.